रिकाम्या बाटलीला किंमत द्या: कुंभार्ली घाटाच्या पायथ्यावरून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र शासन
मा. मंत्री, वन विभाग, महाराष्ट्र शासन
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

विषय: पाणी व शीतपेयांच्या प्लास्टिक बाटल्यांवर अनामत सक्तीची करणे आणि झाकण बाटलीला जोडलेले ठेवण्याचा नियम करणे

सविनय नमस्कार.

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, चिपळूणच्या बाजूला, माझं दुकान आहे. चहा, वडापाव, बिस्किटं विकतो, पण खरी विक्री पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्यांची. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी फ्रिज भरून संपतो. म्हणजे हे पत्र बाटली विकणाऱ्याचं आहे. मागणी एवढीच की विकलेली बाटली रिकामी होऊन माझ्याकडे परत यावी, असा कायदा करा. विकताना गिऱ्हाइकाकडून अनामत घ्यायची, झाकणासकट बाटली परत आली की ती जशीच्या तशी द्यायची. सुरुवात जंगलातून जाणाऱ्या घाटांपासून, व्याघ्र प्रकल्पांच्या प्रवेशद्वारांपासून, गडकिल्ल्यांपासून आणि कासवांच्या किनाऱ्यांपासून करा. राज्यभर नंतर न्या.

सुरुवात इथून का, ते आमच्या घाटाकडे पाहिलं की कळतं. माथ्यावर पूर्वेच्या अंगाला पडलेली बाटली ओढ्याने कोयना नदीत जाते आणि कराडला कृष्णेला मिळते. पश्चिमेला पडलेली वाशिष्ठीत येते. कोयनेच्या वीजघरातून सुटणारं पाणी वाशिष्ठीला मिळत असल्यामुळे ही नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते, त्यामुळे पावसाची वाट न पाहता कचरा खाली सरकत राहतो. चिपळूणजवळ याच नदीत मगरी आहेत. पुढे दाभोळची खाडी, आणि खाडीच्या तोंडापासून एका हाताला गुहागर, दुसऱ्या हाताला कोळथरे आणि आंजर्ले. हे सगळे ऑलिव्ह रिडले कासवांचे किनारे. घाटाच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं जंगल पसरलंय, आणि कोयना अभयारण्याचा भाग 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर येतो, बाटली दरीत जाते आणि तिच्या वाटेत गवा, भेकर, अस्वल, माकड, मगर, कासव सगळे येतात. वळणावर कठड्यापलीकडे वाकून पाहिलं तर ती खाली झाडोऱ्यात अडकलेली दिसते. तिथे उतरून ती कोण उचलणार? कचरावेचक उतरत नाही, कारण एक किलो प्लास्टिक व्हायला लिटरच्या चाळीसएक बाटल्या गोळा कराव्या लागतात आणि किलोला मिळणाऱ्या भावात दरी उतरणं परवडत नाही. नगरपालिकेची घंटागाडी इथे येत नाही. वनरक्षकाला एवढा मोठा टापू सांभाळायचा असतो, त्याने दिवसभर बाटल्याच वेचाव्यात असं कुणी म्हणणार नाही.

बाटली आणि तिचं झाकण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मंत्रालयातल्या फायलीत यावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. बाटली पेट प्लास्टिकची असते. हे प्लास्टिक पाण्यापेक्षा जड. झाकण उघडं राहिलं की बाटलीत पाणी शिरतं आणि ती तळाशी जाते. झाकण पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं असतं. ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तरंगतं. रंगीत, बोटभर रुंदीचं, टणक झाकण लाटांवर महिनोन्‌महिने फिरत राहतं. समुद्रात पृष्ठभागावर खाणं शोधणाऱ्या पक्ष्याच्या आणि कासवाच्या समोर नेमकं तेच येतं. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटांवर अल्बट्रॉसच्या मेलेल्या पिल्लांच्या पोटात झाकणं सापडतात, त्यांचे फोटो जगभर गेलेत. कासवाच्या घशात आतल्या दिशेने वळलेले काटे असतात. खाल्लेलं भक्ष्य समुद्राचं पाणी बाहेर टाकताना सुटून जाऊ नये, ही त्यामागची निसर्गाची योजना. पण त्याच काट्यांमुळे एकदा गिळलेलं झाकण ते बाहेर टाकू शकत नाही. ते पोटातच राहतं, आणि पोट भरल्यासारखं वाटून कासव उपाशी मरतं.

आपल्या कासवांना जपायला आपण कमी मेहनत घेतलेली नाही. वेळासला 2002 पासून घरटी राखली जातायत, गावोगावची माणसं पहाटे उठून अंडी हॅचरीत नेतात. 2023 मध्ये गुहागरला पाठीवर उपग्रह यंत्र बसवून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेपर्यंत पोहोचल्याचं आपण वर्तमानपत्रांत कौतुकाने वाचलं. त्या यंत्रांसाठी, त्या संशोधनासाठी शासनाने पैसा दिला, हे चांगलंच झालं. पण त्याच मादीच्या समुद्रात आपल्या घाटातून जाणारं झाकण अडवायला आजही एक नियम नाही.

कासवं मरतात त्याचं सगळं पाप बाटलीचं आहे, असा दावा मी करत नाही. तुटून समुद्रात राहिलेल्या जाळ्यांनी जखमी झालेली कासवं पावसाळ्यात किनाऱ्याला लागतात, डहाणूच्या उपचार केंद्रात त्यांच्यावर वर्षानुवर्षं इलाज होतायत. जाळ्यांचा प्रश्न मोठा आहे आणि तो मच्छीमार बांधवांना सोबत घेऊनच सुटेल. बाटलीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. ती कुणी भरली, कुणी विकली, किती विकल्या, सगळं कागदावर असतं.

जंगलातलं चित्र तर आपल्यासमोर आलेलंच आहे. 2024 च्या फेब्रुवारीत ताडोब्यातली एक चित्रफीत देशभर फिरली. रामदेगीच्या डोंगरातला तरुण वाघ, तोंडात प्लास्टिकची पाण्याची बाटली धरून चाललेला. लोकांनी वाघाचं कौतुक केलं, पर्यटकांना शिव्या घातल्या आणि विषय संपला. रामदेगी हे देवस्थान आहे, तिथे भाविकही येतात. ती बाटली कुणाची होती हे शोधून उपयोगही नाही. त्याच्या दोन वर्षं आधी, 2022 च्या फेब्रुवारीत, बदलापूरजवळ एक बिबट्या प्लास्टिकच्या पाण्याच्या जारमध्ये डोकं अडकून दोन दिवस फिरत होता. त्याला खाता येत नव्हतं, पाणी पिता येत नव्हतं. वनखात्याच्या आणि बचाव पथकांच्या लोकांनी रात्रंदिवस शोधून त्याला बेशुद्ध करून सोडवलं, त्यांचे उपकार मानायला हवेत. हा बिबट्या माणसांच्या वस्तीजवळ होता म्हणून दिसला. आमच्या दरीत असं काही घडलं तर त्याची बातमीसुद्धा होणार नाही.

लहान जीव तर कुणाच्या खिजगणतीत नाहीत. थंड पेयाच्या बाटलीत तळाशी घोटभर गोड पाणी राहतं. उतारावर तोंड वर करून पडलेल्या बाटलीत त्या वासाने मुंग्या, भुंगे, सापसुरळ्या शिरतात आणि आतल्या गुळगुळीत भिंतीवरून त्यांना परत चढता येत नाही. ब्रिटनमध्ये रस्त्याकडेच्या बाटल्या तपासल्या तेव्हा आत चिचुंद्र्या आणि उंदीर मेलेले आढळले आहेत. घाटातली माकडं बाटली हातात धरून झाकण चावून काढतात, हे मी रोज दुकानातून पाहतो. गाड्या थांबतात, मुलं हसतात, आणखी एक बाटली पुढे केली जाते. त्या झाकणाचे तुकडे माकडाच्या पोटात जातात, आणि पुढच्या गाडीवर उडी मारायची सवय लागते. त्या सवयीपायी माकडं चाकाखाली येतात.

आता कायद्याविषयी. महाराष्ट्राने हे सगळं ओळखलेलं होतं. 23 मार्च 2018 ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना आम्हा दुकानदारांना चांगलीच लक्षात आहे. पहिल्या गुन्ह्याला 5000 रुपये दंड, दुसऱ्याला 10000, तिसऱ्याला 25000 आणि तीन महिने कैद. आम्ही पिशव्या बंद केल्या. त्याच अधिसूचनेत पेट बाटल्यांसाठीही व्यवस्था होती. बाटलीवर पुनर्खरेदीची किंमत छापायची, मोठ्या बाटलीला एक रुपया, लहान बाटलीला दोन रुपये, आणि कंपन्यांनी बाटल्या परत घेण्याची केंद्रं उभी करायची. पुढे दुरुस्त्या झाल्या, मुदती सरल्या. आज माझ्या दुकानातल्या कोणत्याही बाटलीबद्दल कुणी कुणाला रुपया परत देत नाही. 2019 मध्ये दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे अनामत ठेवण्याची घोषणा विधानसभेत झाली होती. तीही तशीच राहिली. पिशवीबंदीचा दंड दुकानदारावर होता म्हणून तो वसूल झाला. परतीची जबाबदारी उत्पादकावर होती, ती मात्र कुणी मागितली नाही. हे मला मनापासून लागतं, म्हणून स्पष्ट लिहितोय.

परतीची व्यवस्था अशक्य आहे, असं मला कुणी सांगू नये. माझे वडील हेच दुकान चालवत तेव्हा थंड पेय काचेच्या बाटलीत यायचं. गिऱ्हाईक दुकानातच उभं राहून पीत असे, घरी न्यायची तर बाटलीचे पैसे ठेवून जाई. कंपनीची गाडी भरलेले क्रेट उतरवायची आणि रिकामे क्रेट घेऊन जायची. एखादी बाटली फुटली तर वडिलांच्या हिशेबात ती दिसायची, म्हणून बाटली रस्त्यावर पडलेली कधी दिसत नसे. गाडी आजही त्याच रस्त्याने येते, त्याच दुकानांपाशी थांबते. फरक इतकाच पडला की आता ती परत जाताना मोकळी जाते. तिच्यात रिकाम्या बाटल्यांच्या पोत्यांना भरपूर जागा आहे.

इतर राज्यांकडे पाहा. तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्याच्या जंगलांत फेकलेल्या दारूच्या बाटल्यांच्या काचांनी हत्तींचे पाय फाटत होते. मद्रास उच्च न्यायालयाने हा प्रश्न हातात घेतला आणि 15 मे 2022 पासून त्या जिल्ह्यात सरकारी दारू दुकानांतल्या प्रत्येक बाटलीवर दहा रुपये जादा घ्यायला सुरुवात झाली. रिकामी बाटली आणली की दहा रुपये परत. नव्वद टक्क्यांहून अधिक बाटल्या परत येऊ लागल्या आणि योजना इतर जिल्ह्यांत गेली. केरळने 2025 मध्ये दारूच्या काचेच्या आणि प्लास्टिकच्या बाटल्यांवर वीस रुपयांची अनामत सुरू केली, आणि तिथल्या उच्च न्यायालयाने डोंगराळ पर्यटनस्थळांवर पाच लिटरपेक्षा लहान पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांना मनाई केली. सिक्कीमने 1 जानेवारी 2022 पासून बाटलीबंद पाणी बंद केलं.

यावर कुणी म्हणेल, तिकडे दारूची दुकानं सरकारची आहेत, त्यांना हुकूम पुरतो, आपल्याकडे लाखो खासगी दुकानदार आहेत. आक्षेप बरोबर आहे. पण केदारनाथला दुकानं खासगीच आहेत. तिथे 2022 पासून बाटलीवर क्यूआर कोडचं लेबल लावून दहा रुपये अनामत घेतली जाते आणि ठरलेल्या केंद्रांवर परत दिली जाते. प्रत्येक बाटलीचा कोड वेगळा, त्यामुळे एकाच बाटलीचे पैसे दोनदा निघत नाहीत. आपल्या शेजारच्या गोव्याने 2024 मध्ये अनामत-परताव्याची योजना कायद्याने अधिसूचित केली. मुंबई-गोवा महामार्गाने जाणारी गाडी दोन्ही राज्यांत पाणी विकत घेते. दोन्ही राज्यांनी एकच पद्धत ठेवली तर सावंतवाडीत घेतलेली बाटली म्हापशात परत करता येईल.

कंपन्यांचं नेहमीचं उत्तरही मला ठाऊक आहे. भारतात पेट बाटल्यांपैकी नव्वद टक्के गोळा होऊन पुन्हा वापरात येतात, असं ते सांगतात आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या अभ्यासाचा दाखला देतात. आकडा खरा धरला तरी त्याचं श्रेय कोणाचं? उन्हातान्हात पोतं पाठीवर घेऊन फिरणाऱ्या बायांचं. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने त्यांना संघटित केलं म्हणून त्यांचं काम दिसू तरी लागलं. ते नव्वद टक्के शहरांत गोळा होतात, कारण तिथे एका फेरीत पोतं भरतं. उरलेल्या दहा टक्क्यांत आमची दरी येते, ताडोब्याच्या भोवतालचा बफर जंगलपट्टा येतो, राजगडाची पाऊलवाट येते, कांदळवनाचा चिखल येतो. वन्यप्राणी राहतात ते याच दहा टक्क्यांत.

केंद्राच्या उत्पादक-जबाबदारीच्या नियमांतही हीच फट आहे. 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपनीने किती टन प्लास्टिक बाजारात आणलं आणि किती टन प्रक्रियेला गेलं, याचा हिशेब होतो. टन भरला की प्रमाणपत्र मिळतं. तो टन दादरच्या भंगार दुकानातून आला की कुंभार्लीच्या दरीतून, याच्याशी त्या प्रमाणपत्राला देणंघेणं नाही. साहजिकच कंपनी स्वस्तात मिळेल तिथून टन भरते. झाकणाचं वजन तर दोन-तीन ग्रॅम. टनांच्या हिशेबात ते कुठेच दिसणार नाही, आणि कासवाच्या पोटात तेच जातं. म्हणून वन्यजीवांसाठी नियम करायचा तर तो नगावर करावा लागेल, वजनावर करून भागणार नाही. दहा रुपये अनामत असलेली बाटली दरीत पडली तर खाली गुरं राखणारा पोरगाही ती उचलून आणेल.

झाकणाचा नियम आणखी सोपा. युरोपीय संघाने 3 जुलै 2024 पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांना झाकण जोडलेलंच असावं, अशी सक्ती केली. उघडलं तरी ते बाटलीच्या गळ्याला लटकत राहतं. जगभर विकणाऱ्या ज्या कंपन्या आमच्या दुकानात माल पाठवतात, त्याच तिकडे हे झाकण लावून विकतात. साचे त्यांच्याकडे आहेत, अनुभव आहे. फक्त इथे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. महाराष्ट्राएवढ्या मोठ्या बाजारपेठेने सांगितलं तर ते ऐकतील.

दुकानदारांच्या वतीनेही थोडं मागणं आहे. परत आलेल्या बाटल्या ठेवायला जागा लागते, माणूस लागतो. त्यासाठी दर बाटलीमागे थोडं कमिशन कंपनीने द्यावं. कुठेही घेतलेली बाटली कुठल्याही दुकानात परत घेता आली पाहिजे, कारण पाटणला घेतलेलं पाणी घाट उतरेपर्यंत संपतं. गाडीने पोती नियमित उचलली पाहिजेत, नाहीतर दुकानामागे डोंगर साठेल. बाटली ज्याच्या हातात, अनामत त्याची, हे कायद्यात लिहा. कचरावेचकाने आणली तरी पूर्ण रक्कम त्याला मिळाली पाहिजे. ही योजना यंत्रांच्या आणि ठेकेदारांच्या हातात जाऊन त्या बायांचा घास गेला, असं होऊ देऊ नका. गोळा करण्याचं काम त्यांच्या संघटनांना आणि जंगलालगतच्या गावांत संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना द्या. ज्या बाटल्या परत येणारच नाहीत, त्यांची साठलेली अनामत कंपन्यांकडे ठेवू नका. ती वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रांना आणि दऱ्या साफ करणाऱ्यांना द्या.

पाण्याच्या बाटलीवर सरसकट बंदी मी मागत नाही. आमच्या घाटात गाडी बंद पडली, बाळ रडू लागलं, म्हातारी माणसं घामाघूम झाली, तर पाणी कुठून आणायचं? व्याघ्र प्रकल्पांच्या दारांवर आणि गडांच्या पायथ्याशी शुद्ध पाणी भरून घ्यायची सोय झाली तर बाटल्या आपोआप कमी होतील, आणि ती सोय तुमच्या दोन विभागांनी मिळून करायची आहे. मात्र लग्नसमारंभांत वाटतात त्या 200 मिलिलिटरपेक्षा लहान बाटल्यांवर 2018 पासून बंदी आहे, तिची अंमलबजावणी करा. दोन घोट पिऊन टाकलेल्या त्या बाटल्या हॉलच्या मागच्या ओढ्यात दिसतात.

नवा कायदा करायची वाट पाहायला नको. महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) कायदा 2006 पासून आहे. 2018 ची अधिसूचना त्याच्याच आधारे निघाली. अनामतीची रक्कम, कोडचं लेबल, जोडलेलं झाकण आणि कंपन्यांना ठराविक तारीख, एवढं घालून दुरुस्ती काढता येते. राज्यात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत. जागतिक वारसा यादीत 2025 मध्ये आलेले अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले कासवांचे किनारे ठाऊक आहेत. ही यादी तुमच्या टेबलावर आहेच. तिच्यात घाटरस्ते जोडा, आणि कुंभार्ली पहिल्या टप्प्यात घ्या. घाटाच्या दोन्ही टोकांना मोजकीच दुकानं आहेत, सगळे एकमेकांना ओळखतो. माझ्या दुकानात परतीचं केंद्र सुरू करायला मी तयार आहे, बाजूची पडवी त्यासाठी मोकळी करून देतो.

कासवं किनाऱ्यावर यायला नोव्हेंबर-डिसेंबरात सुरुवात होते. येत्या हंगामाआधी अधिसूचनेचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर करावा, ही विनंती. हरकती नोंदवायला कंपन्यांचे वकील येतीलच. आम्ही घाटातले दुकानदारही येऊ, आमचं म्हणणं मांडायला वेळ द्यावा.

आपला नम्र,
एक दुकानदार
शिरगाव-पोफळी परिसर, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी